दुसऱ्या ग्रहावरची माणसं

बेंगळुरूत हेब्बाळच्या उड्डाणपुलावर संध्याकाळी अडकलेल्या माणसापुढे दोनच मार्ग असतात. एक तर संन्यास घ्यायचा, नाही तर विश्व जिंकायला निघायचं. संन्यासाला अक्कानं परवानगी दिली नसती, म्हणून मी दुसरा मार्ग धरला. ऑफिसच्या बसमध्ये तापलेल्या काचेला डोकं टेकवून मी एक सेनापती जन्माला घातला आणि सात हजार जहाजांचा ताफा त्याच्या दिमतीला दिला. पुलावर जेवढ्या गाड्या उभ्या होत्या तेवढीच जहाजं. उगाच वाढवून सांगायची मला सवय नाही. फार पूर्वी एका महायुद्धात मातृग्रहाचे दीपस्तंभ विझले आणि सात जगं अंधारात हरवली. ती एकेक करून परत मिळवायची, एवढंच त्या माणसाचं आयुष्य. बस पूल उतरेपर्यंत त्यानं पहिलं जग जिंकलंसुद्धा होतं. तिथला बर्फाचा चंद्र त्यानं नुसत्या रागानं वितळवला.

सेनापती मी जन्माला घातला म्हणालो, तीही थापच. तो अक्काचा.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी स्वतःच्या हातानं जेवतही नव्हतो. अक्कानं कॉलेज सोडलं आणि मला हातात घेतलं. मी तेव्हा इतका हट्टी होतो, की मला ताकभात भरवण्यापेक्षा वाघाचे दात घासणं सोपं, असं शेजारी म्हणायचे. म्हणून अक्कानं एक राजा काढला. त्याचे सगळे गड शत्रूनं घेतलेले. एक घास खाल्ला की एक गड परत. तोंड मिटलं की सैन्य पायथ्याशी उपाशी उभं. ताटातला भात संपेपर्यंत राज्य पुरं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी शत्रू पुन्हा सगळं घेऊन बसलेला असायचा. तिनं लग्न केलं नाही. माझंही झालं नाही; मुली बघायला आम्ही जायचो, पण मी गप्पा मारायला लागलो की मुलीचे वडील पाणी प्यायला म्हणून आत जायचे ते परत यायचेच नाहीत. आता एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. मी पन्नाशी ओलांडली तरी ती मला 'पुट्टा' म्हणायची. कन्नडमध्ये लहान बाळाला म्हणतात तसं.

आमचं घराणं या गावात साडेतीनशे वर्षांपेक्षा जुनं. मूळ पुरुष फौजेबरोबर आला. मी सांगतो त्या गोष्टीत तो हत्तीवर बसून आला. वडील सांगायचे, घोड्यावर बसून. अक्का सांगते, घोड्याच्या मागून चालत, टोपली घेऊन. ते काही असो, तेव्हापासून आम्ही इथेच, आणि आमची मराठी कन्नडच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखीच दिसायला लागली. 'काय करतो आहेस' असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. 'काय करूलागलास' म्हणतात. कुणी आलं नाही तर 'आलास नाही'. थोडं म्हणजे स्वल्प, पुरे म्हणजे साकू, बरं म्हणजे सरी, जेवण म्हणजे ऊटा. पिढ्यान्‌पिढ्या याच भाषेत आमच्याकडे बारशी झाली, भांडणं झाली, माणसं गेली. तिच्यात काही उणं आहे, हे मला मारतहळ्ळीला जाईपर्यंत कळलं नव्हतं.

मारतहळ्ळीच्या एका मोठ्या गृहसंकुलात पुण्या-मुंबईहून आलेल्या मंडळींचं मंडळ आहे. दर रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये पोहे आणि गप्पा. ऑफिसातल्या एका पुणेकर मित्रानं मला तिथं नेलं. पोहे वाढणाऱ्या बाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, मला म्हणाल्या, "अजून घ्या ना."

मी म्हणालो, "साकू, वहिनी, घरून खाऊनच आलोय की."

"अय्या! किती क्यूट!" वहिनी ओरडल्या. "अहो, इकडे या, यांचं मराठी ऐका! अजून काहीतरी बोला ना!"

मी बोललो. सगळे हसले. प्रेमानं हसले, त्यात एक टक्काही वाईटपणा नव्हता. बोलक्या पोपटावर माणसं प्रेम करतात तसं.

त्यानंतर मी जे केलं त्याला हेरगिरीच म्हणावं लागेल. मी टीव्हीवरच्या बातम्या पाठ केल्या. बसमध्ये ओठ न हलवता 'करतो आहे, करतो आहे' घोकलं. दोन महिन्यांत माझी मराठी अशी झाली, की सदाशिव पेठेतला माणूस माझ्यासमोर अडखळला असता. (आत्ता वाचताय ना, ती तीच.) आणि मंडळात मान मिळाल्यावर एका रविवारी मी माझा सेनापती बाहेर काढला.

पहिलं जग लोकांना बरं वाटलं, एवढंच. एकानं फोन काढला, एकजण दुसऱ्यांदा पोहे घ्यायला उठला. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. ज्या माणसानं चंद्र वितळवला त्याच्यासमोर पोहे? पुढच्या रविवारी मी दुसरं जग आणलं. तिथली माणसं शेकडो वर्षं मातृग्रहापासून तुटलेली. त्यांना वाटतं, आपण अजून तीच भाषा बोलतो. पण ती भाषा शेजारच्या ग्रहाशी लग्न करून बसलेली. सेनापतीचं जहाज उतरतं, तोफा रोखल्या जातात, आणि तिथली एक म्हातारी हातात परात घेऊन बाहेर येते.

म्हातारीला आवाज द्यायचा होता. मी अक्काचा दिला.

"कोण रे ते? एवढं मोठं गाडं घेऊन आलास, स्वल्प बाजूला लाव की! रांगोळी घातलंय दिसूलागलं नाही?"

क्लबहाउस कोसळलं. मी सांगतो, छत खरोखर हललं. खालच्या मजल्यावरचा सुरक्षारक्षक वर धावत आला. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी. "पुन्हा! ते पुन्हा म्हणा!"

त्यानंतर सेनापतीला तिसऱ्या ग्रहावर कुणी जाऊच देईना. दर रविवारी एकच मागणी: "ती दुसऱ्या ग्रहावरची माणसं आणा." आणि मी आणायचो. त्यासाठी मी घरी अक्काचं बोलणं चोरायला लागलो. ती भाजीवाल्याबद्दल कुरकुरली, आणली. तिनं मला ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल झापलं, तो टॉवेल दोन रविवार चालला. ती बोलायची, मी मनात म्हणायचो, हे चालेल. माझ्या तोंडाकडे पाहून तिला वाटायचं, पुट्टा आताशा नीट ऐकतो. एकदा म्हणालीसुद्धा, "तू आता शाणा झालास दिसतं."

शेवटी सेनापतीनं काय केलं तेही सांगायला हवं. त्याच्या ताफ्यात वाणीशुद्धीचं एक यंत्र होतं. त्यातून त्या माणसांना एकेक करून जायला लागायचं, आणि पलीकडून ती बातम्यांसारखी बोलत बाहेर यायची. मग सेनापती झेंडा लावायचा: जग परत मिळालं. लोक टाळ्या वाजवायचे.

गणपतीत मंडळानं ठरवलं, की माझं कथाकथन हाच मुख्य कार्यक्रम. वहिनींनी मला न सांगता एक गोड गोष्ट केली. माझी बहीण एकटी घरी असते हे त्यांना कुठून तरी कळलं होतं; त्यांनी तिला फोन करून बोलावलं आणि स्वतःची गाडी पाठवली. मी स्टेजवर गेलो, माइक वर केला, आणि पहिल्या रांगेत मला अक्का दिसली. जांभळी रेशमी साडी, केसांत मल्लिगेचा गजरा, मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात कडबू होते. गणपतीला आम्ही मोदक करत नाही, कडबू करतो, आणि एवढ्या लोकांना पुरतील इतके तिनं कधी वळले असतील, मला माहीत नाही.

माझ्याकडे वेळ होता. हे मला पुनःपुन्हा आठवतं, आणि तेवढ्यापुरतं मी काहीच वाढवून सांगत नाही. मी सेनापतीला तिसऱ्या ग्रहावर नेऊ शकलो असतो. त्याला ताप आणू शकलो असतो. इतकी वर्षं थापा मारलेल्या माणसाला एक थाप सुचू नये? पण समोर भरलेलं सभागृह होतं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "दुसरा ग्रह!"

मी दुसरा ग्रह काढला. आणि इतक्या रविवारांत कधी केला नसेल इतका चांगला केला.

म्हातारी परात घेऊन आली, तेव्हा सगळ्यांत आधी अक्काच हसली. मोठ्यानं, मान मागे टाकून. शेजारच्या बाईच्या हातावर थाप मारून म्हणाली, "आमचं घरचं आहे हे! आमच्यासारखं बोलूलागलीय बघा!" तिला वाटलं, आपल्या भावानं आपल्या माणसांना पार आकाशात नेऊन बसवलं. रांगोळी, टॉवेल, भाजीवाला, एकेक ओळखत ती हसत होती. लोकही हसत होते. ती त्यांच्याबरोबर हसत होती. ते तिच्याबरोबर हसत नव्हते, हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं.

मग यंत्र आलं. सेनापती म्हणाला, "घाबरू नका. आम्ही तुम्हाला पुन्हा माणसांसारखं बोलायला शिकवू." म्हातारीला आत ढकललं. लोक पोट धरून हसत होते, आणि मी स्टेजवरून पाहिलं, अक्काचं हसू तसंच चेहऱ्यावर होतं पण डोळे त्यातून निघून गेले होते. तिनं डब्याचं झाकण चाचपलं. घट्ट लागलंय ना, ते बघितलं. मी पुढे बोलतच राहिलो. झेंडा लावला. टाळ्या.

खाली उतरलो तर वहिनी अक्काचा हात हातात घेऊन उभ्या होत्या. "अहो अक्का, तुम्ही तर अगदी त्या ग्रहावरच्या आजी! बोला ना काहीतरी, मला तुमचं बोलणं फार आवडतं!"

त्यांना खरंच आवडत होतं. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली, "कार्यक्रम फार छान झाला. मला आवडला."

गाडीत ती खिडकीबाहेर पाहत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "गाडी इथेच थांबवायला सांग." डबा तसाच भरलेला परत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "कॉफी तयार आहे. तू घेणार आहेस का?" मला वाटलं टीव्ही लागलाय.

तो टीव्ही नंतर बंदच झाला नाही. रुसवा असता तर परवडला असता. आमच्या घरात रुसव्याची मोठी परंपरा आहे, त्याचे उपाय मला पाठ आहेत. हे वेगळं होतं. ती बोलायची, विचारायची, सांगायची, सगळं नीट, प्रत्येक क्रियापद इस्त्री केलेलं. 'पुट्टा' गेला. 'साकू' गेलं. जिथं तिला शुद्ध शब्द सापडायचा नाही तिथं ती क्षणभर थांबायची, आणि सापडला नाही तर ते वाक्यच सोडून द्यायची. अशी कितीतरी वाक्यं आमच्या घरात अर्ध्यात पडून राहिली. मी ज्या यंत्रावर टाळ्या घेतल्या, त्यातून ती आपल्या पायांनी चालत गेली होती, आणि पलीकडून येणारी ही बाई माझ्याशी सभ्यपणे वागत होती.

मी तिला चिडवून बघितलं. ओला टॉवेल टाकला, तोही मुद्दाम तिच्या पलंगावर. तिनं उचलून वाळत घातला. हुळीचा, म्हणजे आमच्याकडच्या आंबट सांबाराचा, मसाला ती घरी भाजते. मी दुकानातलं तयार पाकीट आणून ठेवलं. पूर्वी असं पाकीट तिच्या स्वयंपाकघरात आलं असतं तर ते आणि मी एकाच वेळी बाल्कनीतून खाली गेलो असतो. तिनं त्याची हुळी केली. मी विचारलं, "कशी झालीय?"

"चव बरी आहे," ती म्हणाली.

सकाळी दारावर फुलवाली यायची. तिच्याशी अक्का कन्नडमध्ये अशी खिदळायची, मोगऱ्याच्या मोजणीवरून अशी भांडायची, की मी दाराआड उभा राहून ऐकायचो. मग दार बंद व्हायचं, आणि ती वळून म्हणायची, "तू अजून अंघोळ केलेली नाहीस का?"

मंडळातून फोन यायचे. सेनापती कुठं आहे? मी सांगितलं, घशाला गाठ आली आहे, डॉक्टरांनी बोलायला बंदी घातली आहे. ही थाप फोनवर, खणखणीत आवाजात सांगितली. वहिनींनी मध पाठवला. खरं सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्या रडल्या असत्या, आणि सरळ अक्काकडे माफी मागायला आल्या असत्या, आणि अक्कानं त्यांनाही सांगितलं असतं, कार्यक्रम फार छान झाला. म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावतो. मध मी खाल्ला.

थंडी आली. थंडीत बेंगळुरूमध्ये अवरेकाई येतात, पावट्याच्या जातीच्या शेंगा, आणि त्या आल्या की घराघरात एकच उद्योग: दाणे भिजवायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा. वेळखाऊ काम. एकट्यानं करवत नाही, समोर कुणीतरी लागतं. एका शनिवारी दुपारी अक्कानं भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं मध्ये ठेवलं आणि म्हणाली, "तुला वेळ असेल तर मदत कर."

मी बसलो. बराच वेळ दाणे उडत राहिले. मग मी म्हणालो, "अक्का, सेनापतीचा नवा भाग रचलाय. सांगू?"

"सांग."

मी कित्येक आठवडे खपून रचला होता. सेनापती म्हातारा होतो. सहा जगं परत मिळाली. सातवं सापडत नाही. शेवटी तो एका छोट्या ग्रहावर एकटाच उतरतो, तोफा नाहीत, यंत्र समुद्रात फेकून दिलेलं. तिथं एक घर. दारात त्याची थोरली बहीण. आणि ती म्हणते (इथं मी आवाज काढला, पण हळू), "अय्यो! आलास की रे पुट्टा! किती वाळलास! स्वल्प बस की, सरी, आता ऊटा करूनच जायचं, नाही म्हणलास तर बघ!"

मी डोळे पुसले. माझी गोष्ट ऐकून मी नेहमीच डोळे पुसतो.

अक्का दाणे उडवत राहिली. मग म्हणाली, "असं कुणी बोलत नाही."

"म्हणजे?"

"अय्यो आणि सरी आणि स्वल्प आणि ऊटा. सगळं एका श्वासात कोण म्हणतं? हे तुझ्या त्या लोकांसाठी आहे. ते हसावेत म्हणून."

"तिथं सांगणार नाही. हे तुझ्यासाठी आहे."

"मग माझ्यासाठीसुद्धा तू तसंच केलंस."

मान खाली घालून मी दाणा दाबला. तो उडून फ्रिजखाली गेला. तिचं बरोबर होतं. मी तिला परत आणायला निघालो होतो, तेही पोपट करून. आयुष्यभर तिचं बोलणं ऐकलं, अन्‌ लक्षात काय राहिलं, तर ज्याला ज्याला हशा मिळाला तेवढंच.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग ती काय म्हणाली असती? इतक्या वर्षांनी भाऊ आला, तर?"

तिनं सालांचा ढीग पदराच्या टोकानं बाजूला सारला. फ्रिजखाली वाकून तो दाणा शोधला, सापडला नाही. मग माझ्याकडे न बघता, आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाली,

"हात धू. वाढूलागले."

एवढंच. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. क्लबहाउसमध्ये म्हटलं असतं तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं. लहानपणी गड घ्यायला निघालेल्या मला ती रोज हेच म्हणायची. आधी हेच, मग राजा.

मी उठलो. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा. नळ बंद करून तसाच उभा राहिलो, ओले हात घेऊन, की बाहेरून अजून काहीतरी येईल. 'पुट्टा' आलं नाही.

बाहेरून तिचा बातम्यांचा आवाज आला, "दाणे अजून संपलेले नाहीत."

मी हात पुसले आणि समोर जाऊन बसलो.